वसुलीची नोटीस आणि वकिलाची सही

नव्या वकिलाकडे पहिली कामं येतात ती बहुधा वसुलीची. कुणाचा चेक परत आलेला असतो, कुणाची हातउसनी रक्कम अडकलेली असते, एखाद्या दुकानदाराची उधारी दोन-अडीच वर्षं तुंबलेली असते. पक्षकार येतो तोच तापलेला. ‘साहेब, अशी कडक नोटीस काढा की तो पळत आला पाहिजे,’ हे वाक्य ऐकलं नाही असा दिवाणी वकील महाराष्ट्रात सापडायचा नाही. काम सोपं दिसतं. तो सांगेल ते लेटरहेडवर टाइप करायचं, खाली सही-शिक्का मारायचा, पोस्टात टाकायचं. पण सनद धोक्यात येण्याच्या बऱ्याच वाटा याच सोप्या कामातून फुटतात.

व्यापारी, पतसंस्था, फायनान्स कंपन्या आणि उसनवारी करून बसलेली साधी माणसं यांच्या वतीने वसुली करणाऱ्या तरुण वकिलांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. वसुली होते ती कागदावर आणि तारखेवर. आवाज चढवून जे हाती लागतं त्याची किंमत पुढे पक्षकाराला, आणि बऱ्याचदा वकिलालाही, मोजावी लागते.

येणं खरंच आहे का?

पहिल्या भेटीत नोटिशीचा विषयच काढू नका. आधी कागद मागा. वचनचिठ्ठी, बिलं, डिलिव्हरी चलनं, बँकेचा उतारा, खातेउतारा, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, जे असेल ते. किती दिले हे पक्षकार घडाघडा सांगतो. परत किती आले हे विचारलं की आवाज बारीक होतो. मुलाच्या खात्यावर फोनपेने आलेले पाच-पाच हजार, दिवाळीला रोख दिलेले दहा, मालाच्या बदल्यात वळते केलेले काही, हे सगळं खोदून काढावं लागतं. तुम्ही काढलं नाहीत तर उलटतपासात समोरचा वकील काढणार आहे.

मग तारीख. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या पैशाच्या दाव्याला ३ वर्षं. मुदत संपण्याआधी ऋणकोने सही करून येणं मान्य केलं असेल तर कलम १८ खाली तिथून नवी ३ वर्षं मोजता येतात. हप्ता भरला असेल तर कलम १९ आहे, पण तिथे बारीक अट आहे आणि तिच्याकडे भल्याभल्यांचं दुर्लक्ष होतं. समजा, तालुक्याच्या गावी एक हार्डवेअरचं दुकान आहे. ठेकेदाराने सिमेंट-सळई उधारीवर उचलली. शेवटचं बिल फेब्रुवारी २०२२ चं, आणि दुकानदाराच्या वहीत ऑगस्ट २०२४ ला ‘रोख जमा १५,०००’ अशी नोंद आहे. दुकानदाराला वाटतं, मुदत वाढली. पण कलम १९ ला पैसे भरणाऱ्याच्या हस्ताक्षरातलं किंवा सहीचं लिखाण लागतं. दुकानदाराच्या मुनिमाने स्वतःच्या वहीत केलेल्या नोंदीला तिथे स्थान नाही. तोच हप्ता चेकने आला असता तर सहीचा कागद आपोआप तयार झाला असता. म्हणून ज्यांच्याकडे नेहमीची उधारी असते अशा पक्षकारांना दर मार्चअखेर समोरच्याकडून बाकीची कबुली सही-शिक्क्यानिशी घ्यायला सांगा. पुढचे दोन दावे त्यातच वाचतात.

मुदत उलटली असेल तर पक्षकाराला तसं तोंडावर सांगायचं. ऋणकोने जुनं देणं फेडीन असं नव्याने लिहून सही करून दिलं तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली ते बंधनकारक ठरतं, पण हे त्याने समजून-उमजून केलं पाहिजे. मुदतबाह्य देण्याची नोटीस पाठवताना ‘तीन दिवसांत भरा, नाहीतर न्यायालयात खेचू’ असं लिहिणं म्हणजे ज्या दाव्याचा निकाल तुम्हाला ठाऊक आहे त्याची भीती घालणं. अशी नोटीस मी देत नाही आणि तुम्हीही देऊ नये असं माझं मत आहे.

पैसे उसने दिलेत की व्याजाचा धंदा आहे, हा पुढचा प्रश्न. एका मित्राला अडीनडीला पैसे दिल्याने कुणी सावकार होत नाही. पण तोच माणूस तुमच्याकडे महिन्याभरात चौथी वचनचिठ्ठी घेऊन आला, आणि व्याज महिना पाच टक्के दिसलं, तर थांबा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पैसे देतेवेळी परवाना नसेल तर सावकाराला हुकूमनामा मिळत नाही. व्याज मुदलाच्या वर जाऊ शकत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही त्या कायद्यात आहे. ऋणकोचा पाठलाग करणं, त्याच्या घराभोवती घुटमळत राहणं हेदेखील तिथे गुन्हा म्हणून नोंदलेलं आहे. अशा पक्षकाराचं व्याज ‘व्यापारातली गुंतवणूक’ म्हणून मुदलात लपवून दावा तयार करणारे वकील आहेत. ते वकिलीच्या कक्षेत बसत नाही. तुमच्या सल्ल्याने खोटा दावा उभा राहिला तर त्याला तुम्हीही जबाबदार आहात.

रोखीबद्दल दोन शब्द. आयकर कायद्याने २०,००० रुपये किंवा त्यावरच्या रोख कर्जाला मनाई केली आहे. तेवढ्यावरून देणं बेकायदा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून आलेल्या एका चेकच्या प्रकरणात सांगितलं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने असंही बजावलं आहे की दाव्यात २ लाख किंवा त्यावर रोख दिल्याचं म्हणणं असेल तर न्यायालयाने आयकर खात्याला कळवावं. हे पक्षकाराला दावा टाइप व्हायच्या आधी कळलं पाहिजे. ऐकून काही जण शांतपणे उठून जातात. जाऊ द्यावेत.

नोटिशीतला मजकूर

बाजारात फिरणाऱ्या नोटिशींत एक परिच्छेद ठरलेला असतो: ‘सदरहू रक्कम सात दिवसांत न भरल्यास आपणांस अटक करण्यात येईल, आपली स्थावर-जंगम मिळकत जप्त करण्यात येईल व आपली समाजात होणारी बेअब्रू टाळता येणार नाही, याची नोंद घ्यावी.’ हा मजकूर नीट वाचून पाहा. अटक कोण करणार? साध्या देण्यासाठी पोलीस करू शकत नाहीत, वकील तर नाहीच. जप्ती सहसा हुकूमनाम्यानंतर होते, तीही न्यायालयाच्या बेलिफाकडून. बेअब्रूची भाषा तर सरळ धमकीच्या कलमात जाते. भारतीय न्याय संहितेत खंडणीला कलम ३०८ आहे, धमकीला ३५१. नोटीस हा तुमच्या सहीचा पुरावा आहे आणि समोरचा पक्षकार तो जपून ठेवतो.

चांगली नोटीस कंटाळवाणी असते. मी कुणाच्या वतीने लिहितो, कोणत्या तारखेला कोणत्या व्यवहारात किती रक्कम दिली, किती परत आली, बाकी किती, व्याज कोणत्या कराराने आणि कोणत्या दराने, अमुक दिवसांत अमुक खात्यात भरा, नाहीतर पक्षकार योग्य त्या न्यायालयात जाईल. एवढंच. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं ‘२४% व्याज’ समोरच्याने मान्य केलं होतं का, हे पाहिल्याशिवाय तो आकडा धरू नका. ‘नोटिशीचा खर्च रु. ५,००० आपल्यावर’ ही ओळ सवयीने पडते. करारात तसं काही नसेल तर ती निव्वळ मागणी आहे, येणं नव्हे. खातं पक्षकाराचं द्या. नोटिशीच्या तळाला स्वतःचा क्यूआर कोड छापणारे वकीलसाहेब अलीकडे दिसू लागलेत. काय म्हणावं!

नोटीस फक्त ज्याच्याकडे येणं आहे त्याला आणि जामीनदाराला. जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, त्यामुळे त्याला लिहिण्यात गैर काही नाही. पण प्रत त्याच्या मालकाला, सोसायटीच्या चेअरमनला, सरपंचाला, सासऱ्याला कशासाठी? पक्षकार आग्रह धरतो, कारण त्याला पैशाइतकाच समोरच्याचा अपमानही हवा असतो. तो पुरवणं तुमच्या फीत येत नाही. चौकात थकबाकीदाराचा फोटो लावलेले फ्लेक्स आणि दारात वाजवलेली हलगी हे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत. बुडव्यांचे फोटो छापण्याबद्दल उच्च न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तर तो खासगीपणावरचा घाला ठरवला. पतसंस्थेने सल्ला मागितला तर फ्लेक्सच्या वाटेला जाऊ नका, असंच सांगावं.

पोस्टाचंही बदललं आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. पाकिटाला नोंदणीची सेवा वेगळी मागता येते, ती मागा. नोंदणी केलेल्या टपालाला पोचल्याचं गृहीतक लागू होतं, आणि पुढे वाद होतो तो तिथेच. ट्रॅकिंगचा उतारा त्याच आठवड्यात छापून फाईलला लावा. काही महिन्यांनी तो संकेतस्थळावर मिळेलच असं नाही.

चेकचं प्रकरण: बोटावर मोजायच्या तारखा

परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू आहे. तेव्हापासून तालुका कोर्टाच्या बोर्डाचा मोठा भाग त्याने व्यापला. यात कायद्याची गुंतागुंत फारशी नाही. तारीख चुकली की मात्र प्रकरण संपतं. एक उदाहरण धरू. बँकेचा रिटर्न मेमो ३ जूनला हातात आला. नोटीस ३० दिवसांच्या आत निघाली पाहिजे, म्हणजे ३ जुलैपर्यंत. ती १० जुलैला समोरच्याला मिळाली. त्याला पैसे भरायला १५ दिवस, म्हणजे २५ जुलैपर्यंत. २६ जुलैला फिर्यादीचं कारण उद्भवलं, तिथून एक महिना. फिर्याद २५ ऑगस्टच्या आत टेबलावर गेली पाहिजे, शेवटच्या दिवसाचा वाद आपल्या अंगावर घेऊ नका. उलटीकडची घाईही महागात पडते. १५ दिवस पुरे व्हायच्या आत दाखल केलेली फिर्याद ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

नोटिशीतली रक्कम चेकवरचीच हवी. व्याज, खर्च वेगळे मागायचे असतील तर वेगळ्या परिच्छेदात मागा, चेकची रक्कम स्वच्छ उठून दिसली पाहिजे. २०२५ मधल्या एका निकालात १ कोटीच्या चेकसाठी नोटिशीत २ कोटी पडले होते. टायपिंगची चूक ही सबब न्यायालयाने ऐकली नाही. जुन्या नोटिशीच्या फाईलवर नवी टाइप करायची सवय असलेल्या टायपिस्टच्या टेबलावर हा निकाल चिकटवून ठेवायला हरकत नाही.

इथली नैतिक बाजू रकमेच्याच पोटात आहे. चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकण्याआधी समोरच्याने काही रक्कम भरली असेल, तर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकणं चालत नाही. त्या दिवशी तेवढं देणं अस्तित्वातच नसतं. २०२२ च्या निकालाने हे पक्कं केलं. कर्ज देतानाच घेतलेला कोरा चेक पक्षकार काढतो, आकडा भरतो आणि तुमच्याकडे येतो. चेकवरची शाई दोन रंगांची आहे का, हे तुमच्या ऑफिसात पाहिलं गेलं पाहिजे. आकडा कसा आला हे त्याला समजावून सांगता आलं नाही तर काम परत करा.

फी आणि टक्केवारी

‘साहेब, आत्ता काही देत नाही. वसूल झालं की त्यातले वीस टक्के तुमचे.’ बऱ्याच जणांना यात वावगं वाटत नाही, कारण विमा एजंटापासून दलालापर्यंत सगळे असेच काम करतात. वकिलाला ते चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत, भाग ६, प्रकरण २ मध्ये, नियम २० निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि वसुलीत वाटा घ्यायला मनाई करतो. नियम २१ येणं विकत घ्यायला मनाई करतो, आणि ज्या दरखास्तीत तुम्ही वकील आहात तिथल्या लिलावात बोली लावायला नियम २२. हे नुसतं पुस्तकी नाही. १९५४ मध्ये मुंबईतल्या एका वकिलाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वसूल होईल त्यातला अर्धा हिस्सा घ्यायचा लेखी करार त्याने पक्षकाराशी केला होता. दोन सामान्य माणसांत असा करार झाला असता तर प्रश्न नव्हता, पण वकिलाने केला म्हणून ती गैरवर्तणूक ठरली. २०१७ चं तेलंगणातलं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. नुकसानभरपाईच्या टक्केवारीत फी, त्यापोटी पक्षकाराचा चेक, आणि तो न वटल्यावर वकिलाने स्वतःच्याच पक्षकारावर टाकलेली १३८ ची फिर्याद. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मग फी कशी घ्यायची? टप्प्याटप्प्याने. नोटिशीची इतकी, दावा दाखल करण्याची इतकी, पुराव्याची इतकी, दरखास्तीची इतकी, असं कागदावर लिहून पक्षकाराची सही घ्यायची. रक्कम मोठी म्हणून काम जास्त, असं असेल तर ठरीव आकडाच जास्त ठेवा. फी थकली म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे २००० सालच्या निकालापासून पक्कं आहे. पक्षकाराच्या वतीने पैसे हातात आले तर त्याला लगेच कळवायचं, हिशेब वेगळा ठेवायचा.

याच्याच शेजारचा प्रकार म्हणजे लेटरहेड भाड्याने देणं. वसुली एजन्सी शेकडो नावांची एक्सेल पाठवते, वकिलाची स्कॅन केलेली सही त्यावर उमटते आणि नोटिसा सुटतात. वकिलाने एकही खातं पाहिलेलं नसतं. त्यातल्या कित्येकांनी कर्ज फेडलेलं असतं, काहींचं नावच चुकलेलं असतं. नोटीस मिळालेला माणूस न्यायालयात आला की वकीलसाहेबांना ती आपलीच आहे हे कागद पाहून समजतं. काही नोटिशींवर तर वरती सिंहमुद्रा आणि ‘लोकन्यायालयपूर्व समन्स’ असला मथळा असतो, बघणाऱ्याला वाटावं न्यायालयाचंच पत्र आहे. राजमुद्रेच्या गैरवापराला २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि हा मजकूर फसवणुकीच्या कलमातही बसू शकतो. मोठ्या संख्येने नोटिसा पाठवायला बंदी नाही. पण निदान प्रत्येक खात्याचा उतारा आणि शेवटच्या भरण्याची तारीख तुमच्या समोरून गेली पाहिजे. तेवढा वेळ नसेल तर तेवढं काम घेऊ नका. एजन्सीत भागीदारी करायचा मोह तर अगदीच टाळा. वकिलाने स्वतः धंदा चालवू नये, असं नियम ४७ सांगतो.

समोरचा माणूस

बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीदाराला फोन करू नये, नातेवाईक-मित्रांना त्रास देऊ नये, धमकी वा शिवीगाळ करू नये, असं रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितलं. त्याआधी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुंड पाठवून गाड्या उचलून नेणाऱ्या बँकांची कडक शब्दांत हजेरी घेतली होती. हे नियम वकिलासाठी लिहिलेले नाहीत. पण तुम्ही ज्या बँकेचं काम करता तिच्या एजंटला जे वर्ज्य, ते तुमच्या कारकुनाने केलं तर तुम्हाला कोण सोडणार? आपल्या ऑफिसातून जाणाऱ्या फोनला तोच ८ ते ७ चा नियम लावून टाका.

समोरच्याने वकील दिला असेल तर त्याच्याशी परस्पर बोलणी नाहीत. नियम ३४ आहे आणि तो गावाकडे रोज मोडला जातो, कारण बाजारात गाठ पडतेच. ‘तुमच्या वकिलांना भेटायला सांगा’ एवढं म्हणून पुढे व्हायचं.

वकील दिलेला नसतो तेव्हा खरी अडचण. नोटीस हातात घेऊन बाई ऑफिसात येते, सोबत शाळेतलं पोर. नवरा गेला, कर्ज त्याचं होतं, त्यातलं तिला काहीच माहीत नाही. ‘साहेब, आता मी काय करू?’ पहिलं वाक्य हे असावं: ‘ताई, मी समोरच्यांचा वकील आहे, तुम्हाला सल्ला देणं माझ्या हाती नाही.’ दुसरं: तालुका विधी सेवा समितीत जा, बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अटही नाही. एवढं सांगितल्याने पक्षकाराशी बेइमानी होत नाही. आणि नोटीस मुळात कशी गेली होती, तेही तपासा. मयताचं देणं वारसाकडून घेता येतं ते त्याच्या हाती आलेल्या मयताच्या मिळकतीपुरतंच. तिच्या पगारावर, माहेरच्या दागिन्यावर तुमच्या पक्षकाराचा हक्क नाही. मयताने दिलेल्या चेकसाठी वारसांवर १३८ ही चालत नाही. तरीही विधवेला वैयक्तिक जबाबदार धरणारी नोटीस जाते, कारण घाबरून कुणीतरी भरेल या हिशेबावर ती पाठवलेली असते.

कुठे जायचं

न्यायासनं बरीच आहेत, थोडक्यात सांगतो. चेक, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावरची ठरीव रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७, म्हणजे समरी दावा. समन्स लागल्यापासून १० दिवसांत हजर व्हायचं, मग जजमेंटच्या समन्सनंतर १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची. व्यापारी वाद ३ लाख किंवा त्यावरचा असेल आणि तातडीच्या अंतरिम हुकमाची गरज नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तीत गेलेला काळ मुदतीतून वजा होतो, म्हणून तारखेला घाबरून ती टाळू नका. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं किंवा सेवा देणाऱ्याचं येणं असेल तर २००६ च्या कायद्याखालची सुलभीकरण परिषद. ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. मात्र निव्वळ व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी अग्रक्रमाच्या कर्जापुरती असते, तेव्हा आपल्या हार्डवेअरवाल्याला त्या परिषदेची वाट दाखवू नका. पतसंस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला. त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जाताना ऋणकोला ५० टक्के भरावे लागतात, म्हणूनच दाखल्याआधीची नोटीस त्याला खरंच मिळाली का, हे संस्थेच्या वकिलाने डोळ्यात तेल घालून पाहावं. दिवाळखोरी संहितेचा अर्ज मात्र वसुलीची कडक नोटीस म्हणून वापरू नये. १ कोटीची मर्यादा आहे ती आहेच, शिवाय ती वसुलीची जागा नाही हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

पोलीस ठाण्याची वाट सगळ्यात लोकप्रिय. ‘साहेबांना सांगून बोलावून घ्या, लगेच देईल.’ फसवणूक व्यवहाराच्या सुरुवातीपासून होती असा कागद असेल तर तक्रार जरूर द्या. नसेल तर साध्या उधारीला फसवणुकीचा रंग देऊन केलेली फिर्याद उच्च न्यायालयात रद्द होते, आणि तोवर दिवाणी दाव्याची मुदतही निघून गेलेली असते.

दरखास्त

हुकूमनामा मिळाला की पक्षकाराला वाटतं पैसे आले. बजावणीला १२ वर्षं आहेत, आणि त्यातली बरीचशी लागतातही. दरखास्तीत मिळकतीची यादी देताना दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० समोर उघडं ठेवा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्माच्या रिवाजाने स्त्रीला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने होत नाहीत, म्हणजे मंगळसूत्राला हात लागत नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औजारं, बैल, बियाणं, त्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन, सगळं बाहेर. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुटतात, उरेल तेच जप्तीला. बेलिफासोबत जाऊन ‘ती शिलाई मशीनही घ्या’ म्हणणारा वकील असतो. त्या घरातली बाई त्याच मशीनवर पोट भरत असेल तर ते कायद्यानेच वर्ज्य आहे.

दिवाणी कैदेचा अर्ज पक्षकाराला फार आवडतो. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही. पुरुषालाही नुसतं देणं फेडता येत नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून बुडवतो आहे, मालमत्ता लपवतो आहे, अशी अप्रामाणिक वागणूक दाखवावी लागते. १९८० मध्ये कोचीनच्या बँकेच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे लिहून ठेवलं. तेव्हा अर्जात त्याच्या ऐपतीचे पुरावे द्या. सातबारा, गाडीची नोंदणी, अलीकडची खरेदीखतं. ते मिळत नसतील तर कैदेऐवजी हप्त्याचं बोलणं लावा.

आणि बहुतेक प्रकरणं शेवटी हप्त्यावरच येतात. तडजोड पुरसिस लिहिताना हप्त्याची रक्कम समोरच्याच्या महिन्याच्या कमाईत बसते का ते विचारा. न बसणारा हप्ता लिहून घेतला की तिसऱ्या महिन्यात पुन्हा दरखास्त. लोकअदालतीत तडजोड झाली तर निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ मिळतं, अपील नाही आणि भरलेलं न्यायालयीन शुल्क परत मिळतं. पक्षकाराला हे शेवटचं कलम सांगितलं की तो जरा मऊ होतो.

न्यायालयाबाहेर हप्ते घेतले तर आदेश २१ नियम २ खाली ते न्यायालयात नोंदवायचे. नोंद नसेल तर बजावणी करणारं न्यायालय ते पैसे आल्याचं मानत नाही, आणि ऋणकोला स्वतः नोंदवून घ्यायला मुदत आहे ३० दिवसांची. ही अडचण पुरेपूर ठाऊक असून पूर्ण वसुलीनंतरही दरखास्त चालू ठेवणारे पक्षकार मिळतात. तेव्हा शेवटचा हप्ता आला की त्याच आठवड्यात पूर्तता पुरसिस दाखल करा, वचनचिठ्ठी, कोरे चेक आणि घराचे मूळ कागद पक्षकाराकडून स्वतः मागून घ्या आणि ऋणकोच्या हातात देऊन त्याची पोच फाईलला लावा.